दोन हिसके

"काका, मशीन खोटं बोलतंय," अंकिता म्हणाली आणि ओल्या पिशवीतून काढलेला डबा तिनं माझ्या काउंटरवर आदळला. आदळलाच म्हणायचं, ठेवला नाही.

"मशीन खोटं बोलत नसतं," मी म्हणालो. "बसवणारा चुकतो."

"बसवलं मीच."

"मग झालं तर!"

जेऊर स्टेशनच्या रस्त्याला माझं दुकान. पाटीवर अजून 'सिद्रामप्पा रेडिओज' असं लिहिलंय, पण रेडिओ दुरुस्तीला शेवटचा कधी आला ते महादेवालाच ठाऊक. आता येतात ते इन्व्हर्टर, शेतातल्या मोटारींचे स्टार्टर, आणि कुणाच्या तरी सुनेनं वाटोळं केलेला मिक्सर. पण मासे हुडकायचं मशीन माझ्या दुकानात यावं ही देवानं केलेली थट्टाच. मी लिंगायत माणूस. माशाचा नुसता वास अंगाला आला तरी आमची चंद्रव्वा दोन दिवस कानडीतून माझा उद्धार करते.

"काय खोटं बोलतंय?" मी विचारलं.

"कुटंबी जावा, होडीखाली एकच मासा दावतंय. काठाला तोच, मधी तोच. हालतच न्हाय ओ."

ही रामहरी भोयाची पोर. रामहरी माझं जुनं गिऱ्हाईक. धरणाच्या वांगीकडच्या काठाला त्याची होडी असायची आणि होडीत माझ्याकडून चार वेळा नीट करून नेलेला ट्रान्झिस्टर. गेल्या उन्हाळ्यात तो बुडाला. धरणाच्या पोटात जुनी रानं आहेत, बांधावरच्या बाभळी तशाच उभ्या आहेत, वाळलेल्या, पाण्याखाली. जाळं त्यात अडकलं की कुणीतरी कमरेला दोरी बांधून खाली जायचं आणि सोडवून आणायचं. रामहरी तसाच गेला आणि राहिला. तिसऱ्या दिवशी काठाला लागला.

"मासे बघायला एवढं मशीन कशाला घेतलं गं? जाळ्यात काय कमी येतात?"

"मासं बगायला न्हाय घेतलं. बाभळी बगायला घेतलंय." तिनं डोक्यावरचा स्कार्फ मागं सारला. मी बघतच राहिलो. पोरीची वेणी गेली होती. मानेवर केस वेडेवाकडे कापलेले, विळ्यानं गवत कापावं तसे. "मागल्या आठवड्यात खाली फांदीत वेणी गुतली. कापली तवा वर आले. आयनं दोन दिवस अन्नाला हात लावला न्हाय. आता म्हणती, बाभूळ वरनंच दिसली तर तितं जाळं टाकायचं न्हाय, आन तू बुडी मारायची न्हाय. लई आस लावून बसली हाय मशीनवर."

मी पाना, स्क्रू ड्रायव्हर, एमसील पिशवीत टाकलं आणि चंद्रव्वाला फोन केला. "नीरिगे ब्याडरी," ती म्हणाली, पाण्यावर नको म्हणजे नको. मला पोहता येत नाही हे तिला लग्नापासून माहीत आहे. मी म्हणालो, काठावरनंच बघून येतो. आयुष्यात बायकोशी खोटं बोलायला कारण लागतं थोडंच!

काठावर सोनाबाई उभ्या होत्या. रामहरीची बायको. बारीक, काळ्यासावळ्या, कमी बोलणाऱ्या. होडी काठाला ओढून ठेवली होती, फायबरची, हिरवी. मी मागच्या बाजूला वाकलो आणि हसलोच. या मशीनला एक सेन्सर असतो, साबणाच्या वडीएवढा काळा ठोकळा. तो होडीच्या मागच्या फळीला खालच्या अंगाला बसवायचा. त्याचं तोंड सरळ तळाकडे पाहिजे, आणि तो सतत पाण्यात पाहिजे. पोरीनं तो वीतभर वर बसवला होता, तिरका, आणि त्याची वायर होडीच्या मोटारीच्या वायरीला आवळून बांधली होती.

"ह्यो बघ तुझा मासा," मी म्हणालो. "तोंड वाकडं, वर बुडबुडे, त्यात मोटारीची खरखर. रेडिओशेजारी मिक्सर लावला तर गाणं ऐकू येतं का?"

अंकिता ओशाळली. सोनाबाईंनी विचारलं, "म्हंजी आता दिसतील बाभळी?"

"काटे मोजाल."

मी जुनी भोकं एमसीलनं बुजवली, सेन्सर खाली घेतला, तोंड ओळंब्यात आणलं, वायर होडीच्या दुसऱ्या अंगानं फिरवली. झकास काम झालं. स्वतःचीच पाठ थोपटावी असं. आणि तिथूनच घरी जायला हवं होतं मी. पण मशीन पाण्यावर लावून बघितल्याशिवाय काम झालं असं म्हणता येत नाही, आणि सोनाबाई माझ्याकडे अशा बघत होत्या की मला नाही म्हणवेना. बसलो महादेवाचं नाव घेऊन, दोन्ही कडा घट्ट धरून.

अंकिता मागं मोटारीपाशी, मी मधे पडद्यासमोर, सोनाबाई तिच्या पुढ्यात उजव्या कडेला. दुपार होती. पाणी पसरलेलं, लांब काठाला शेतकऱ्यांच्या मोटारींची घरघर, उसाच्या रानात जाणाऱ्या पाइपांच्या रांगा. होडी जरा हलली.

"अंकिता, हळू गं!" मी ओरडलो.

सोनाबाईंनी डाव्या हातानं फळीवर टकटक केलं. "पाण्यावर नाव घिऊ नगा आप्पा."

"मग हाक कशी मारायची?"

"फळी ठोकायची. आमच्यात कुणीबी नाव घेत न्हाय हितं. ऐकणारं कोन कोन असतंय खाली."

मला असल्या गोष्टींचा तिटकारा. "अहो बाई, हे मशीन तेच तर करतं," मी समजावलं. "खाली टकटक करतं. तळाला आवाज लागतो, परत येतो, तो ऐकून पडद्यावर काढतं. मधे काही आलं तर तेही काढतं. भूतखेत नाही काही."

त्या विचार करत होत्या. "म्हंजी हे बी फळीच ठोकतंय की," त्या म्हणाल्या.

मी मशीन चालू केलं. पडदा उजवीकडून भरायला लागला. खाली जाड पिवळा पट्टा, तो तळ. तीस-बत्तीस फूट. वा! म्हणून मी मान वर करणार, तेवढ्यात ती आली. तळाच्या बरीच वर, बारा फूट खोलीवर, एक लाल रेघ. मासा सेन्सरखालून जातो तेव्हा पडद्यावर भुवईसारखी कमान उमटते आणि मागं सरकते. ही कमान नव्हती. ही सलग होती. म्हणजे खाली जे होतं ते येतही नव्हतं आणि जातही नव्हतं. आमच्याबरोबर चाललं होतं.

"त्योच," अंकिता हळूच म्हणाली.

मी हसलो. माझं हसू मलाच पटलं नाही. "मोटार बंद कर."

तिनं मोटार बंद केली. होडी नुसती वाहत राहिली. रेघ होती तशीच.

मग मी माझं शास्त्र काढलं. या मशीनला कान तीक्ष्ण करायचं बटण असतं. ते फार वाढवलं तर नसलेलंही दिसतं. मी ते कमी केलं. मासे गेले, कचरा गेला, तळसुद्धा फिका झाला. रेघ लालच. वायर काढून परत लावली. बॅटरीची टोकं घासली. मागं ओणवं होऊन, जीव मुठीत धरून, पाण्यात हात घालून सेन्सरचं तोंड बोटभर फिरवलं. रेघेला त्याचं काहीच नव्हतं.

"काठाच्या मोटारी," मी म्हणालो. "एवढ्या मोटारी पाण्यात करंट सोडतात. त्याचीच खरखर असणार."

"मग लाइट जाईस्तोवर थांबू की," अंकिता म्हणाली. "जाईलच आता."

आणि खरंच थोड्या वेळात शेतीची लाइट गेली. आमच्या भागात ते रोजचंच. काठावरच्या सगळ्या मोटारी एका दमात बंद पडल्या. घरघर गेल्यावर कळलं की ती किती मोठी होती. एकदम इतकी शांतता झाली की होडीच्या बुडाला पाणी चाटतंय तेही ऐकू यायला लागलं. मी पडद्याकडे बघितलं.

रेघ होती. उलट जास्त स्वच्छ.

खोटं कशाला सांगू, भ्यालो मी. "काठाकडे घे," मी म्हणालो. अंकितानं वल्ही घेतली. काठ जवळ येईल तसा तळ वर यायला लागला, वीस फूट, पंधरा, दहा. आणि रेघही वर आली. तळाला टेकेल म्हणून मी बघत होतो. टेकली नाही. चिखलाला पाय लागू नयेत म्हणून माणूस गुडघे जवळ घेतो ना, तशी तळापासून जरा अंतर राखून ती वर वर येत राहिली.

"आत घे, आत," मी म्हणालो. काठाजवळ ते दिसण्यापेक्षा खोल पाण्यात बरं, असं मला का वाटलं कुणास ठाऊक.

तेव्हा माझं लक्ष सोनाबाईंच्या हाताकडे गेलं. उजवा हात. निघाल्यापासून त्यांनी तो कडेवरून पाण्यात सोडला होता, मनगटापर्यंत. मला वाटलं सवय असेल. पण पाणी गार होतं, आणि त्यांची बोटं पांढरी पडली होती, तरी हात बाहेर निघत नव्हता.

"बाई, हातात काय आहे?"

अंकितानंच सांगितलं, अगदी सहज. "दोरी व्हय? ती रोजचीच हाय."

"दोरी?"

"माज्या आबाची बुडीची दोरी. आय सोडती खाली. काठ सोडला की सोडती, काठ आला की घेती."

"अगं मग सांगायचं नाही का!" मी कडाडलो. कडाडलो कसला, सुटलो. छातीवरचा धोंडाच उतरला. "तासभर मी इथं वायरी घासतोय! सेन्सरच्या तोंडाशी दोरी लोंबतेय म्हटल्यावर तीच दिसणार नाही तर काय!"

"दोरी कशी दिसंल?" पोरीला खरंच आश्चर्य वाटलं. "ती रोजचीच हाय की."

मी कपाळावर हात मारला. रोजची वस्तू माणसाला दिसत नाही हेच खरं. "काढा बाई ती वर. मग बघा कशा बाभळी दिसतात."

सोनाबाई हलल्या नाहीत.

"काढा की. तिच्यामुळं खालचं सगळं झाकलं जातंय. बाभूळ आली तरी कळायची नाही. जाळं टाकाल, अडकेल, आणि ही पोर परत खाली जाईल."

"आय," अंकिता म्हणाली. आता तिलाही काहीतरी उमगलं होतं.

सोनाबाई पाण्याकडे बघत बोलायला लागल्या. माझ्याशी का पाण्याशी ते मला नीट कळलं नाही.

"एक हिसका म्हंजी दोरी ढिली सोड. दोन हिसकं म्हंजी मला वर घे. लगीन झाल्यापास्नं ह्योच हिशेब. त्या दिवशी दोन हिसकं आलं. मी वडली. लगीच वडली आप्पा, डोळ्याचं पातं लवायच्या आत. हलकी आली. कमरंचा फास तसाच, गाठ न सुटल्याली. आन मानूस न्हाय त्यात."

अंकितानं वल्ही पाण्याबाहेर धरली होती. वल्ह्यांवरचं पाणी ठिबकत होतं.

"मढं मिळालं. तेराव्वं केलं. समदं केलं. पर हिसकं दिलं हुतं त्येनी, वर घे म्हणून. मी कुटं घेतलं? मग मी दोरी सोडून बसते. वडली तर मी हितं हाय, एवढंच."

"कधी ओढली का?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"कवा कवा," त्या म्हणाल्या.

मी चंद्रव्वाचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पण ज्या कामाला आलो ते समोर होतं. वेणी गेलेली पोर समोर होती. मी हात जोडले. "बाई, या मशीनला दोन्ही नाही जमत. एक तर दोरी दिसेल, नाही तर बाभळी. कुणाला राखायचं ते तुम्ही ठरवा. मी बाहेरचा माणूस."

त्यांनी पोरीच्या मानेकडे बघितलं. त्या विळ्यानं कापल्यासारख्या केसांकडे. बराच वेळ बघितलं. मग मनगटाचा वेढा सोडला आणि दोरी वर घ्यायला लागल्या. हातावर हात. सावकाश. पुढं कुणीतरी आहे आणि त्याला खरचटू नये, अशा बेतानं.

पिवळी दोरी आली. टोकाला फास. फासात काही नाही.

"दगड नाही बांधलेला?" मी विचारलं.

"दगूड कशाला? त्येनी दगूड घिऊन जात न्हवते."

मी दोरी हातात घेतली. प्लास्टिकची दोरी होती ती, ट्रकची ताडपत्री आवळतात तसली. मी तिचं टोक पाण्यात टाकलं. ते बुडालं नाही. वर तरंगत राहिलं, कडब्याच्या काडीसारखं. फांद्यांत अडकू नये म्हणून बुडीला मुद्दाम तरंगणारीच दोरी घेतात, अंकितानं मला नंतर सांगितलं. म्हणजे वजन नसताना ही दोरी सरळ खाली जाऊच शकत नव्हती. आणि काठ सोडल्यापासून ती सरळ खाली होती.

"आप्पा, हाय का अजून?" सोनाबाईंनी विचारलं.

मला पडद्याकडे बघायचं नव्हतं. बघितलं. दोरी होडीत होती, माझ्या पायाशी, ओली. आणि पडद्यावर बारा फुटांवर लाल रेघ होती.

नाही म्हणून टाकावं, असं आलं होतं ओठांवर. त्या बाईला बरं वाटलं असतं, मलाही. पण त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मला खोटं बोलवेना. "आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग पदर डोक्यावरून घेतला, नीट, देवळात जाताना घेतात तसा. गुडघे टेकून कडेवर वाकल्या. इतक्या वाकल्या की अंकितानं त्यांचं लुगडं धरलं. ओठ पाण्याला लागतील एवढ्या जवळ गेल्या आणि त्यांनी हाक मारली.

"रामहरी."

पोरगी दचकली. पाण्यावर नाव घेतलं म्हणून दचकली की आईच्या तोंडून बापाचं नाव जन्मात पहिल्यांदा ऐकलं म्हणून, सांगता येत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच.

"रामहरी, मी वडली हुती ओ. लगीच वडली हुती." सोनाबाई रडत नव्हत्या. घरातलं काम सांगावं तशा सांगत होत्या. "आता अंकी खाली येनार न्हाय. तिला बगत बसू नगा. मशीन हाय आता. तुमी जावा."

वारा नव्हता. होडी आपोआप थोडी फिरली. मी पडद्याला डोळे लावून बसलो होतो, हातातला पाना किती घट्ट धरलाय तेही मला कळत नव्हतं. रेघ चालली होती. चालली होती. मग उजव्या कडेला एक बारीक फट पडली. मला वाटलं, माझे डोळे. पण फट वाढत गेली, आणि रेघेचं तुटलेलं टोक हळूहळू डावीकडे सरकत पडद्याबाहेर गेलं. मागं नुसतं पाणी राहिलं आणि खाली तळ.

"गेली," मी म्हणालो.

"गेले," सोनाबाई म्हणाल्या आणि तोंडावरून ओला हात फिरवला.

अंकितानं मोटार सुरू केली. थोडं पुढं गेलो तर तळातून एक काटेरी झुबका वर आला, फांद्यांसकट, पडद्यावर रेखाटल्यासारखा. मग दुसरा. बाभळींचा अख्खा बांधच होता तो. जाळं टाकायच्या रोजच्या जागेवर. "अगं आई गं," अंकिता पुटपुटली आणि तिचा हात मानेवर गेला. सोनाबाईंनी पडद्याला बोट लावून एकेक बाभूळ बघून घेतली. त्यांनी होडी बरीच लांब नेऊन, मोकळ्या तळावर जाळं सोडलं. मी माशांच्या वासात बसून होतो आणि मला वास येत नव्हता.

परत काठाला लागलो तेव्हा ऊन कललं होतं. मी उतरलो, जमिनीला पाय लागल्यावर मनातल्या मनात नमस्कार केला. अंकिता बॅटरी घेऊन पुढं निघाली. होडी बांधायची जुनी काथ्याची दोरी कुजून तुटायला आली होती. सोनाबाईंनी ती सोडून फेकून दिली. मग ती पिवळी दोरी उचलली, फास काठावरच्या बाभळीच्या खोडात घातला आणि दुसरं टोक होडीच्या कडीला बांधलं. बुडीची दोरी कधी होडीला बांधत नसतात, वरच्या माणसानं ती हातातच धरायची असते, हे मला रामहरीनंच एकदा सांगितलं होतं.

त्या होडीतली टोपली उचलून डोक्यावर घेणार, तेवढ्यात दोरीला हिसका बसला. आणि लगेच दुसरा.

लाट आली असेल. काठाला लाटा येतातच. पाण्याकडे मी बघितलं नाही, मुद्दामच बघितलं नाही.

सोनाबाई थांबल्या होत्या. हात दोरीकडे गेला होता. तिथं तो जरा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी वाकून कडीची गाठ चाचपली, होडीची कुठलीही गाठ चाचपतात तशी, आणखी आवळली. टोपली डोक्यावर घेतली आणि पोरीच्या मागं चढ चढायला लागल्या.